माप घेण्याआधी ट्रे दाबून बघा

दादरच्या आमच्या डेंटल लॅबमध्ये ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायचे पक्के कृत्रिम दात) 'बसत नाही' म्हणून परत आला की पहिलं खापर टेक्निशियनवर फुटतं. मी आधी विचारतो, दातांचं माप घेतलं तो ट्रे कुठला होता?

पातळ प्लास्टिकचा ट्रे चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी दाबा. वाकला, तर पुटीच्या (कणकेसारख्या घट्ट सिलिकॉनच्या) मापाला तो नकोच. घट्ट पुटी भरून तोंडात दाबताना त्याच्या भिंती बाहेर फाकतात आणि काढल्यावर परत आत येतात. माप दिसतं झकास, पण त्या मापात ओतून केलेल्या मॉडेलवरचा दात गालाकडून जिभेकडे अरुंद झालेला असतो. मग कॅप मॉडेलवर छान आणि तोंडात घट्ट! अशा वेळी स्टीलचाच ट्रे घ्या.

अल्जिनेटला (माप घ्यायला पाण्यात कालवतात ती पावडर) दात आणि ट्रे यांच्यात निदान 3 मिमी जागा लागते. रिकामा ट्रे आधी तोंडात घालून बघा. शेवटची दाढ बाहेर राहत असेल तर मोठा घ्या, नाहीतर मागच्या कडेला मेण लावून वाढवा. ट्रेला छिद्रं असली तरी अॅढेसिव्ह (माप ट्रेला धरून ठेवणारा गोंद) लावा, आणि वाळू द्या. ही दोन मिनिटं बहुतेक जण खातात.

कवळीसाठी अॅक्रिलिकचा कस्टम ट्रे (त्या पेशंटच्याच मापाचा) आदल्या दिवशीच करून ठेवा. ताजा ट्रे काही तास आकसत राहतो.

आणि अल्जिनेटचं माप पिशवीत घालून विरारहून लोकलने पाठवू नका. क्लिनिकमध्येच लगेच स्टोन (कडक प्लास्टर) ओता, मॉडेल पाठवा.