पक्ष्याच्या चित्राला त्याचा आवाज कसा जोडावा?

तांबट पक्षी पानांआड सहसा दिसत नाही, पण तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा त्याचा ‘टुक् टुक्’ आवाज भर दुपारी सतत कानी येत राहतो. पावशाला तर आपला शेतकरी ‘पेर्ते व्हा’ या हाकेवरूनच ओळखतो. अशा पक्ष्यांची ओळख शाळेतल्या मुलांना नुसत्या चित्रांतून करून देणे अपुरे आहे. चित्रावर क्लिक करताच त्या पक्ष्याचा आवाज ऐकू यावा, अशी चित्रमालिका पॉवरपॉइंटमध्ये कोणालाही तयार करता येते.

सर्वांत जास्त वेळ आवाज निवडण्यासाठी राखून ठेवावा. स्वतः ध्वनिमुद्रण केले तर उत्तमच. अन्यथा झेनो-कॅन्टो या संकेतस्थळावर जगभरच्या पक्ष्यांचे आवाज मिळतात. तेथील प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत वापराचा परवाना नमूद केलेला असतो. ज्यात फेरबदलास मनाई आहे असे ध्वनिमुद्रण टाळावे, कारण आपल्याला ते कापून लहान करायचे आहे, आणि जे घेतले त्याच्या ध्वनिमुद्रकाचे नाव शेवटच्या स्लाइडवर अवश्य द्यावे. चित्र आणि आवाज यांचा मेळ बसतो का, हेही पाहावे. ‘कुहू’ ही साद काळ्या नर कोकिळाची असते, तर ठिपकेदार तपकिरी मादी ‘किक् किक्’ असा कर्कश आवाज काढते. मादीच्या छायाचित्राला ‘कुहू’ जोडणे म्हणजे मुलांना चुकीचे शिकवणे होय, आणि लहानपणी कानात बसलेली अशी चूक सहजी निघत नाही.

निवडलेला आवाज ऑडासिटी या मोफत प्रणालीत उघडून त्यातला चार-पाच सेकंदांचा स्पष्ट भाग ठेवावा. मागे वाऱ्याचा किंवा पंख्याचा आवाज असेल, तर ‘नॉइज रिडक्शन’ वापरण्यापूर्वी ज्या तुकड्यात केवळ तो नको असलेला आवाज आहे तेवढाच निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबावे आणि मग संपूर्ण ध्वनीवर हा परिणाम लागू करावा. मात्र त्याची मात्रा बेताचीच ठेवावी, कारण ती वाढली की पक्ष्याचा आवाज पत्र्यावर घासल्यासारखा होतो. सर्व आवाज साधारण सारख्या पातळीवर यावेत म्हणून ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ वापरावे आणि अखेरीस प्रत्येक आवाज मोनो (एकाच वाहिनीच्या) स्वरूपात वेव्ह (.wav) फाइल म्हणून साठवावा. ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिट या दर्जाची पाच सेकंदांची अशी फाइल अर्ध्या एमबीपेक्षाही लहान असते.

आता स्लाइडवर पक्ष्यांची चित्रे स्वतंत्रपणे ठेवावीत. एकाच छायाचित्रात अनेक पक्षी असतील, तर प्रत्येकावर एक आकार काढून त्याच्या रंगाची पारदर्शकता १०० टक्के करावी आणि बाह्यरेषा काढून टाकावी. चित्र किंवा आकार निवडून ‘इन्सर्ट’मधील ‘ॲक्शन’ उघडावे, ‘माउस क्लिक’ या भागात ‘प्ले साउंड’समोर खूण करावी आणि यादीच्या तळाशी असलेल्या ‘अदर साउंड’मधून आपली फाइल निवडावी. येथे वेव्ह फाइलच चालते. एमपी३ घेतली जात नाही.

ध्वनिमुद्रण लांबलचक असेल किंवा एमपी३ स्वरूपातच असेल, तर ‘इन्सर्ट’मधील ‘ऑडिओ’द्वारे ते स्लाइडवर आणावे, त्याला ‘ॲनिमेशन्स’मध्ये ‘प्ले’ हा परिणाम द्यावा आणि ‘ट्रिगर’मध्ये ‘ऑन क्लिक ऑफ’ निवडून संबंधित चित्राचे नाव घ्यावे. त्या यादीत ‘पिक्चर ४’, ‘पिक्चर ७’ अशी नावे दिसून गोंधळ होतो. म्हणून आधीच ऑल्ट आणि एफ१० दाबून उघडणाऱ्या ‘सिलेक्शन पेन’मध्ये चित्रांना ‘तांबट’, ‘टिटवी’ अशी नावे देऊन ठेवावीत. ध्वनीचे चिन्ह ‘प्लेबॅक’मधील ‘हाइड ड्युरिंग शो’ने लपवता येते.

मुलाचे बोट चित्राऐवजी रिकाम्या जागी पडले, तर पुढची स्लाइड येते. हे टाळण्यासाठी ‘ट्रान्झिशन्स’मधील ‘ऑन माउस क्लिक’ची खूण सर्व स्लाइडवरून काढावी आणि पुढे-मागे जाण्यासाठी बाणांची बटणे ठेवावीत. या बटणांना आवाज देऊ नये, कारण टाळ्या आणि घंटा मध्येच वाजू लागल्या की पक्ष्याकडे लावलेला कान विचलित होतो. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांसाठी प्रत्येक चित्राखाली नाव आणि आवाजाचे शब्दरूप लिहावे.

शेवटची चाचणी ज्या वर्गात चित्रमालिका दाखवायची त्याच वर्गात, तिथल्याच स्पीकरवर घ्यावी आणि मागच्या बाकावर बसून ऐकावे. भारद्वाजाचा खोल, घुमणारा ‘कूप कूप’ लॅपटॉपच्या लहान स्पीकरमधून फारच क्षीण येतो, तर टिटवीचा तीक्ष्ण आवाज सहज पोहोचतो. असा फरक जाणवल्यास सगळाच आवाज मोठा न करता वेगळा स्पीकर जोडावा आणि मग भारद्वाजाचे चित्र पुन्हा दाबून पाहावे.