अंडरफ्लोअर हीटिंगवर विनाइल टाकताय? या चुका टाळा

इंग्लंडात घरामागे स्वयंपाकघर वाढवून घेताना कोब्यातच गरम पाण्याच्या नळ्या टाकून घेणारे आपल्यापैकी बरेच आहेत. मग वर काय घालायचं? टाइलवर पडलेली काचेची बरणी वाचत नाही, लाकूड उष्णतेनं हलतं, म्हणून विनाइल. निवड चांगलीच आहे. पण आमच्याकडे पहिल्याच हिवाळ्यात सोफ्यापाशी विनाइलच्या दोन फळ्यांमध्ये फट पडली. तिचं कारण शोधताना जे कळलं, ते दुकानात फळ्यांचा रंग पसंत करताना कुणीच सांगितलं नव्हतं.

बॉक्सवरचं ‘चालेल’ वाचून थांबणं

अंडरफ्लोअर हीटिंगला चालेल असं बहुतेक बॉक्सवर लिहिलेलं असतं. खरी अट आतल्या कागदावर असते: तापमान साधारणपणे २७ अंशांच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा जमिनीची आहे, खोलीतल्या हवेची नाही. भिंतीवरचा थर्मोस्टॅट हवा मोजतो. बाहेर शून्य अंश असताना खोली २१ वर आणायची तर तो हीटिंग चालूच ठेवतो आणि तेवढ्यात जमीन तिशी ओलांडू शकते. रेडिएटरला लागणारं ६० अंशांचं पाणी गार पाणी मिसळून ते कोमट करणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह नीट न लावल्यामुळे तसंच नळ्यांत गेलं, तर हे हमखास होतं. विनाइल म्हणजे शेवटी पीव्हीसी. जास्त तापलं की ते मऊ पडतं, फुगतं, आणि खालचं ॲडहेसिव्हही पकड सोडतं.

उपाय म्हणजे जमिनीत बसवलेला सेन्सर आणि थर्मोस्टॅटवर २७ ची कमाल मर्यादा. सेन्सर फळ्या टाकण्याआधीच बसवावा लागतो, नंतर आठवण झाली तर उखडण्याशिवाय गत्यंतर नसतं. वायरवालं इलेक्ट्रिक हीटिंग असेल तर यात अजिबात तडजोड करू नका. पाण्याच्या नळीभोवतीचा कोबा पाण्यापेक्षा गरम होऊ शकत नाही, वायर मात्र वीज तोडेपर्यंत उष्णता देतच राहते. शिवाय अशी वायर लेव्हलिंग कंपाउंडच्या, म्हणजे जमीन सपाट करणाऱ्या ओतीव मिश्रणाच्या थरात, साधारण १० मिमी, पूर्ण गाडलेली हवी. तिच्यावर थेट विनाइल नको.

वरून उष्णता कोंडणं

आपल्या घरांत सगळ्यात जास्त होणारी चूक ही. आई-बाबा भारतातून येतात, पाहुणे वाढतात, जमिनीवर गाद्या पडतात आणि दिवसाही तिथेच राहतात. विनाइल स्वतः पातळ, उष्णता सहज वर सोडणारं. गादी, जाड गालिचा, बीन बॅग किंवा पाय नसलेलं कपाट ती अडवतं, आणि बाकी खोली २५ वर असताना तेवढाच तुकडा कितीतरी जास्त तापतो. गादी सकाळी उचलून ठेवा, किंवा त्या खोलीतलं हीटिंग तेवढे दिवस कमी करा.

सिंकपुढचं रबरी पाठीचं पायपुसणंही काढा. रबरातली रसायनं विनाइलमध्ये उतरतात, गरम जमिनीवर आणखी लवकर, आणि पिवळा डाग पडतो. तो घासत बसू नका. डाग वर नसतो, आत असतो, फळीच बदलावी लागते.

ओल्या कोब्यावर घाई

कोबा वरून पांढरा दिसला म्हणजे आतून सुकला असं नाही. पहिल्या ५० मिमीला दिवसाला १ मिमी असा ढोबळ हिशेब असतो आणि पुढे वेग मंदावतो. म्हणजे ६५ मिमी सिमेंटच्या कोब्याला अडीच-तीन महिने सहज लागतात. हायग्रोमीटरवर ७५ टक्के किंवा कमी आर्द्रता दिसेपर्यंत फळ्या येऊ देऊ नका, आणि त्याआधी एकदा हीटिंग हळूहळू वाढवून पूर्ण चालवून बघा. पण तेही कोबा टाकून निदान तीन आठवडे झाल्यावरच, नाहीतर त्याला तडे जातात. विनाइलमधून ओल बाहेर पडू शकत नाही. राहिलेली ओल ॲडहेसिव्हचाच घास घेते.

क्लिक की चिकटवायचं?

क्लिकच्या फळ्या न चिकटवता एकमेकींत अडकवतात. माझं मत चिकटवण्याकडे. फळी आणि कोबा यांच्यात हवा राहत नाही, जमीन लवकर तापते. बागेकडे मोठं काचेचं दार असेल तर उन्हाचा ताप वेगळाच, तिथे जास्त तापमानाचं ॲडहेसिव्ह मागून घ्या. क्लिकच हवं असेल तर दगडी भुकटीचं कडक एसपीसी घ्या, कडेनं कंपनीनं सांगितलेली फट सोडा, आणि स्वयंपाकघरातल्या मधल्या ओट्याचं, म्हणजे आयलंडचं वजन त्या फळ्यांवर टाकू नका. खाली मऊ जाड फोम घालणं म्हणजे पैसे देऊन जमिनीला रजई पांघरणं.

गरम जमिनीवर फळ्या टाकणं

आमची फट इथली. डिसेंबर होता, कारागीर गारठला होता, म्हणून हीटिंग चालूच राहिलं. कोबा गरम, त्यामुळे ॲडहेसिव्ह वेळेआधी सुकलं आणि फळ्या फुगलेल्या अवस्थेत बसल्या. नाताळात आम्ही घर बंद करून गेलो, घर थंड पडलं, फळ्या आकसल्या. शेवटी अकरा फळ्या काढून पुन्हा लावाव्या लागल्या.

काम सुरू होण्याच्या ४८ तास आधी हीटिंग बंद करा. फळ्यांचे बॉक्स गॅरेजमध्ये नकोत, दोन दिवस त्याच खोलीत, १८ अंशांच्या वर, आडवे ठेवा. खोली उबदार ठेवायला तेवढ्यापुरता दुसरा हीटर आणा. काम झाल्यावर आणखी ४८ तास थांबा, मग रोज दोन-दोन अंशांनी वाढवत न्या. दर ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा चालू करतानाही असंच, एका संध्याकाळीत शून्यावरून पूर्ण नको.

आणि त्याच बॅचचा एक बॉक्स जास्तीचा घेऊन ठेवा. आमच्या अकरापैकी तीन फळ्या काढताना तुटल्या, तोवर दुकानातली छटा बदलली होती. वेगळ्या छटेच्या नव्या तीन आता फ्रिजखाली आहेत.