मोटर किती तास चालली? एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत कालावधी मोजताना या चुका टाळा

लातूर-धाराशिवकडे शेतीची थ्री-फेज लाइन बऱ्याचदा रात्रीची असते. त्यामुळे मोटरच्या नोंदी मध्यरात्र ओलांडतातच आणि पहिली चूक तिथेच होते. सुरू २२:३०, बंद ०६:१५, दोन्ही कॉलम नुसत्या 'टाइम' प्रकाराचे, म्हणजे फक्त वेळ, तारीख नाही. वजाबाकी केली की उत्तर येतं उणे १६:१५. उणे आलं तर २४ तास मिळवायचे, ही मलमपट्टी एका दिवसापेक्षा जास्त चाललेल्या मोटरला लागू पडत नाही. कॉलम तारखेसकटच ठेवा. मग सरळ ७ तास ४५ मिनिटं मिळतात.

बेरजेतली चूक जास्त घातक, कारण एरर येतच नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'टाइम' कॉलमवर थेट 'सम' (बेरीज) लावलं की ०७:४५:०० चे ७४५०० होतात, ०६:३०:०० चे ६३०००, आणि बेरीज १३७५००. म्हणजे १३ तास ७५ मिनिटं! खरं उत्तर १४:१५. आधी 'टाइम_टू_सेक'ने सेकंद करा, मग बेरीज घ्या. ती 'सेक_टू_टाइम'ने परत फिरवताना जपून: 'टाइम' प्रकाराची मर्यादा ८३८:५९:५९ आहे, म्हणजे ३५ दिवसही पूर्ण नाहीत. हंगामाची बेरीज तिथेच अडकते. अहवालात सेकंदांना ३६०० ने भागून तास दाखवावेत, हेच बरं.

७ तास ४५ मिनिटं म्हणजे ७.७५ तास, ७.४५ नव्हे. ताशी ४ युनिट धरले तर एवढ्यानेच रात्रीमागे १.२ युनिटांचा घोळ होतो.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये वेगळीच गंमत. '१ दिवस ०७:४५' या इंटरव्हलमधून (कालावधीतून) 'एक्स्ट्रॅक्ट'ने 'अवर' (तास) मागितला तर ७ मिळतात. दिवस बाजूलाच राहतो. 'इपॉक' (एकूण सेकंद) मागा आणि ३६०० ने भागा, ३१.७५ येतील. महिना असलेल्या इंटरव्हलवर मात्र हे करू नका, तिथे महिना ३० दिवसांचा धरला जातो.

दोन वेळांतला फरक काढणारं मायएसक्यूएलचं 'टाइमस्टॅम्पडिफ' त्याच ७ तास ४५ मिनिटांसाठी तासांत मागितलं तर पाऊण तास गिळून ७ देतं. मिनिटांत मागा, ४६५ येतील, मग ६० ने भागा. एसक्यूएल सर्व्हर या आणखी एका डेटाबेसचं 'डेटडिफ' तर, तासांत मागितलं की, फक्त तासाचे टप्पे मोजतं: १०:५९ ते ११:०१ म्हणजे त्याच्या लेखी १ तास.

हे सगळं नीट असूनही आकडे फारच लहान दिसत असतील, तर नोंद भरणाऱ्याने काय टाइप केलंय ते बघा. कोलन न देता ७४५ भरलं की मायएसक्यूएल ते ७ मिनिटं ४५ सेकंद समजतं.