सामाईक रस्त्यावर सायकल नेमकी कुठून चालवावी

दुपदरी रस्त्याच्या एका मार्गिकेची प्रमाणित रुंदी ३.५ मीटर असते. ट्रक किंवा बस नियमानुसार २.६ मीटरपर्यंत रुंद असू शकते आणि साध्या सायकलचे हँडल सुमारे ६० सेंटिमीटर जागा घेते. म्हणजे अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर केळीचा ट्रक मधल्या पट्ट्याला अगदी लागून गेला आणि सायकलस्वाराने हँडलचे टोक डांबराच्या कडेच्या रेषेत ठेवले, तरी दोघांमध्ये जेमतेम ३० सेंटिमीटर अंतर उरते. भरलेला ट्रक एवढ्या जवळून वेगाने गेला, तर हवेचा झोत सायकलस्वाराला आधी बाहेर ढकलतो आणि ट्रक पुढे सरकताच आत ओढतो. कडेला चिकटून चालणाऱ्या सायकलस्वारामुळे ट्रकला जागा मिळत नाही. जागा असल्याचा भास मात्र होतो, आणि चालक समोरून वाहन येत असतानाही मधून निसटू पाहतो.

म्हणून मार्गिकेत आपली जागा निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मागचे वाहन याच मार्गिकेतून, मला पुरेसे अंतर देऊन, पुढे जाऊ शकेल काय? जाऊ शकत असेल, तर डावीकडे राहून त्याला वाट द्यावी. मात्र ‘डावीकडे’ म्हणजे डांबराच्या कडेपासून किमान अर्धा मीटर आत. जाऊ शकत नसेल, तर मार्गिकेच्या मध्याजवळ यावे, म्हणजे पुढे जायचे तर दुसरी मार्गिका मोकळी होईपर्यंत थांबावे लागेल हे चालकाला दुरूनच कळते. बहुतेक वेळ या दोन जागांच्या दरम्यान, मोटारींची डावी चाके जिथून जातात त्या पट्ट्यातून चालणे सोयीचे ठरते. हा पट्टा चाकांनी झाडून निघालेला असतो. खडी, काचा आणि बाभळीचे काटे कडेला जाऊन साचतात.

खान्देशात कडेपासून अर्धा मीटर आत राहण्याला आणखी एक कारण आहे. येथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे डांबराची कड खालून पोकळ होऊन तुटते आणि डांबर व साइडपट्टी यांच्यात पायरी पडते. चाक या पायरीवरून खाली उतरले तर ते तिरपे वर चढवण्याचा प्रयत्न करू नये, कारण चाक कडेला घासत जाते आणि सायकल रहदारीच्या दिशेने आडवी होते. वेग कमी करून थांबावे आणि सायकल उचलून वर घ्यावी.

शहरात मध्याजवळची जागा अधिक वेळा घ्यावी लागते आणि तेथे ती निभावतेही, कारण गर्दीत मोटारींचा वेग सायकलच्या वेगापेक्षा फारसा जास्त नसतो. उभ्या मोटारींच्या रांगेपासून निदान एक मीटर दूर राहावे, म्हणजे अचानक दार उघडले तरी ते लागत नाही. दोन उभ्या मोटारींमधील मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येण्याची सवय टाळावी. प्रत्येक वेळी बाहेर येताना मागचा चालक आपल्याला नव्याने पाहत असतो. रिक्षा आणि काळीपिवळी टॅक्सी, प्रवासी दिसताच, इंडिकेटर न देता डावीकडे वळतात, हे गृहीत धरूनच त्यांच्या मागे चालावे, आणि त्या थांबल्या तर त्यांच्या डावीकडून नव्हे, मागे पाहून उजवीकडून पुढे जावे.

जळगावची अजिंठा चौफुली किंवा धुळ्याची पारोळा चौफुली यांसारख्या ठिकाणी जड वाहनांची वर्दळ असते, तेथे दोन गोष्टी कसोशीने पाळाव्यात. थांबलेल्या ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे सरकू नये. केबिनच्या डाव्या कोपऱ्यालगतचा भाग चालकाला जवळजवळ दिसत नाही, आणि ट्रक डावीकडे वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा बरीच आतून, म्हणजे नेमकी सायकल उभी असते तेथून जातात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर ती आणखी आतून जातात. सरळ जायचे असल्यास चौफुलीच्या बऱ्याच अलीकडे मार्गिकेच्या मध्यात येऊन वाहनाच्या मागे रांगेत उभे राहावे, म्हणजे डावीकडे वळणारा कोणी आपल्याला कट मारून वळू शकत नाही. उजवीकडे वळायचे असेल आणि वर्दळ जास्त असेल, तर सायकलवरून उतरून पादचाऱ्याप्रमाणे दोन टप्प्यांत रस्ता ओलांडावा. त्यात कमीपणा काही नाही.

सुरत–नागपूर आणि मुंबई–आग्रा या चौपदरी महामार्गांवर मात्र हिशेब बदलतो. मागून येणारे वाहन सायकलच्या चौपट वेगाने येत असते. मार्गिकेच्या मध्यात सायकल असेल अशी त्याच्या चालकाची अपेक्षा नसते, आणि ती दिसल्यावर वेग आवरायला त्याला वेळही पुरत नाही. मध्याजवळ राहण्याचा नियम येथे जसाच्या तसा लावणे हा माझ्या मते हट्ट ठरेल. पांढऱ्या पट्टीबाहेरील डांबरी साइडपट्टीवरून चालावे आणि सर्व्हिस रोड असेल तेथे तोच धरावा. साइडपट्टीवर उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकली हा नित्याचा त्रास आहे. अशा वेळी मागे न पाहता उजवीकडे सरकण्यापेक्षा डाव्या कडेला थांबून समोरच्याला जाऊ द्यावे. जुन्या अरुंद पुलावर साइडपट्टी संपते, म्हणून पुलाच्या अलीकडे थांबून, मागून येणाऱ्या जड वाहनांचा घोळका पुढे जाऊ देऊन, मोकळा वेळ साधून पूल एका दमात पार करावा.

गावांना जोडणाऱ्या एकपदरी रस्त्यांवर डांबर ३.७५ मीटरच असते. तेथे समोरून कापसाने भरलेली, दोन्ही बाजूंना फुगलेली ट्रॉली आली तर हक्काची चर्चा न करता साइडपट्टीवर उतरावे. पावसाळ्यात तर पायच खाली टेकावा, कारण ओल्या काळ्या मातीत चाक लगेच रुतते.

कन्नडच्या घाटासारख्या वळणांवर जागा वळणानुसार बदलते. डाव्या वळणावर आतल्या कडेला राहिले तर मागच्याला आपण शेवटच्या क्षणी दिसतो, म्हणून वळणाआधीच थोडे मध्याकडे यावे. उजव्या वळणावर डावीकडेच राहावे, कारण समोरून वेगाने येणारी वाहने वळणाच्या बाहेर, म्हणजे आपल्या मार्गिकेत सरकतात. उतारावर सायकलचा वेग मोटारीइतका झाला असेल तर मार्गिकेच्या मध्यातून उतरावे. चढावर हळू चालणारी सायकल डुलते, म्हणून कडेपासून थोडे जास्तच अंतर ठेवावे.

एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाण्याची रीत सर्वांत महत्त्वाची आहे. अडथळा पन्नास-साठ मीटर पुढे असतानाच उजव्या खांद्यावरून मागे पाहावे, हात दाखवावा, मागच्याने वेग कमी केला आहे याची खात्री झाल्यावर सावकाश तिरपे सरकावे, आणि खड्ड्यापाशी येऊन एकदम वळणे टाळावे. मागे पाहताना सायकल सरळ ठेवण्याचा सराव मोकळ्या मैदानात आधी करून घ्यावा. मागच्याने जागा दिली नाही, तर थांबावे.

ऋतूंचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी चाकांच्या पट्ट्यातील डांबर काही रस्त्यांवर वितळून वर येते, तेव्हा त्याच्या किंचित बाजूने चालावे. पहिल्या पावसात मार्गिकेच्या नेमक्या मध्यावर वाहनांतून ठिबकलेले तेल पाण्यावर तरंगते, म्हणून तेथे ब्रेक जोरात दाबू नये. पहाटे किंवा रात्री, मागे लाल दिवा नसेल तर मध्याजवळची जागा घेऊच नये, कारण त्या जागेचा सगळा आधार दिसण्यावर आहे.

दोघे बरोबर असतील तर रिकाम्या रस्त्यावर शेजारी-शेजारी चालायला हरकत नाही. मागून वाहनाचा आवाज येताच उजवीकडच्याने वेग कमी करून डावीकडच्याच्या मागे यावे. पुढे निघण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या चढाओढीत दोघेही मार्गिकेत अधिक वेळ अडकून राहतात.