देवगिरी बघताना माथ्याची घाई नको

देवगिरीला येणारे बहुतेक जण धापा टाकत माथा गाठतात, फोटो काढतात आणि उतरतात. या किल्ल्याची खरी करामत मात्र खालच्या निम्म्या भागात आहे. म्हणून चार तास हाताशी ठेवा आणि त्यातले निदान अडीच अंधारी, म्हणजे कातळातली काळोखी भुयारी वाट, संपेपर्यंत घालवा.

छत्रपती संभाजीनगरहून किल्ला साधारण १५ किलोमीटर. वेरूळ-कन्नडकडे जाणाऱ्या एसटीने दौलताबादला, म्हणजेच देवगिरीला, उतरायचं. वेरूळ त्याच दिवशी करायचं असेल तर किल्ला सकाळी घ्या, आणि मंगळवार टाळा. लेणी बंद असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये दहानंतर कातळ तापतो, वाटेत सावली फार थोडी.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट आणि डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. अंधारीत मोबाइलच्या उजेडावर भागतं, पण एक हात अडकतो आणि तिथे दोन्ही हात मोकळे हवेत. खाऊची पिशवी हातात नको, माकडं हिसकावून नेतात.

महाकोट या तटबंदीच्या दरवाजाशी थांबा. फळ्यांवरचे अणकुचीदार लोखंडी खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून. पुढचा दरवाजा सरळ रेषेत नाही, वळून जावं लागतं. त्यामुळे हत्तीला धाव घ्यायला जागाच उरत नाही. मधल्या चौकात उभं राहून वर नजर टाका. आत शिरलेला शत्रू किती बाजूंनी माऱ्यात सापडायचा ते लगेच कळतं.

बहमनी काळातला चांदमिनार बाहेरूनच बघायचा, आतून चढू देत नाहीत. पुढे चिनी महाल. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला सुलतान अबुल हसन तानाशाहला इथे कैदेत ठेवलं होतं. भिंतीवर निळ्या फरशांचे तुकडे अजून दिसतात. शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला कोरलेलं मेंढ्याचं डोकं जवळ जाऊन बघा, शिंगांचा पीळही नीट दिसतो. गुडघे दुखणाऱ्यांनी इथूनच परतलं तरी चालेल, निम्मा किल्ला बघून झालेला असतो.

मग खंदक. तो बांधलेला नाही, अखंड कातळात खोदलेला आहे, आणि वरचा कडाही तासून गुळगुळीत केलाय, बोट अडकवायला खाच नाही. पुलावरून दोन्हीकडे वाकून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अंधारीत पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत आणि वाट वळणावळणाची. वटवाघळांच्या लेंडीने पायरी निसरडी होते, वासही उग्र. नाकाला रुमाल बांधा. पाऊल टेकल्यावरच वजन टाका. मध्येच बॅटरी क्षणभर विझवा, म्हणजे अनोळखी शत्रूचं इथे काय होत असेल ते उमगेल. शेवटच्या तोंडावर विस्तव पेटवून धूर आत कोंडायची सोय होती.

असा गड चढाईने घेणं अवघडच. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाने तो घेतला तो वेढा घालून, आतला दाणागोटा संपल्यावर.

त्यापुढे बारादरी हा महाल आणि माथ्याजवळची जनार्दनस्वामींची गुहा. ते संत एकनाथांचे गुरू. इथे चपला बाहेर काढा. उतरताना अंधारीत समोरून माणसं आली, तर आहात त्या पायरीवर भिंतीला टेकून उभे राहा आणि त्यांना आधी जाऊ द्या.