पहिला शॅमेलिऑन आणि नागपूरचा उन्हाळा : या चुका टाळा

मार्च संपत आला की मला फोन येऊ लागतात. कोणाच्या शॅमेलिऑनने चार दिवस काही खाल्लेले नसते, कोणाचा भर दिवसा डोळे मिटून बसलेला असतो, तर कोणाची मादी पिंजऱ्याच्या तळाशी उकरत असते. प्रश्न निरनिराळे असले तरी त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच चूक आढळते. ज्या देशांत वर्षातील अर्धे महिने घर उबदार ठेवावे लागते, तिथल्या लोकांनी आपल्या हवेसाठी सांगितलेली व्यवस्था व्हिडिओत पाहून आपण ती नागपुरात, स्लॅबखालच्या खोलीत, ऐन एप्रिलमध्ये जशीच्या तशी उभी केलेली असते. गेली अकरा वर्षे मी हे प्राणी सांभाळत आहे आणि दर उन्हाळ्यात तेच घडताना पाहून मनापासून वाईट वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी कायद्याविषयी, कारण ही चूक प्राणी घरी येण्यापूर्वीच होते. रामटेक, उमरेड किंवा काटोलच्या बाजूला झुडपांत आढळणारा आपला देशी शॅमेलिऑन, ज्याला मराठीत सरडगुहिरा म्हणतात, तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. तो पकडणे, विकणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. रस्ता ओलांडताना दिसला तर त्याला काठीवर चढवून ज्या दिशेला तो चालला होता त्याच बाजूच्या झुडपात सोडावे. तो विषारी नाही. जखमी असेल तर सेमिनरी हिल्स येथील वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळवावे. पाळण्यासाठी आणले जाणारे व्हेल्ड आणि पँथर हे परदेशी शॅमेलिऑन साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात आणि याच अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करणे मालकाला बंधनकारक आहे. विक्रेता कागदपत्रांविषयी बोलायला टाळत असेल, तर तो प्राणी कितीही सुंदर असला तरी तिथून परत फिरावे.

यापुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः व्हेल्ड शॅमेलिऑनविषयी आहे, कारण पहिला प्राणी म्हणून बहुतेकांकडे तोच असतो.

उन्हाळ्यात चालू ठेवलेला उष्णतेचा दिवा

तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्रिमूर्ती नगरातून एका विद्यार्थ्याचा फोन आला. तक्रार करण्यासाठी नव्हे, तर आनंद सांगण्यासाठी त्याने फोन केला होता. "काकू, आधी हात जवळ नेला की फुसकारायचा, आता एकदम शांत झाला ना. माणसाळला बहुतेक." त्या "शांत झाला" या शब्दांनी माझ्या पोटात गोळा आला आणि मी त्याच दुपारी त्याच्याकडे गेले.

खोली सर्वांत वरच्या मजल्यावर होती. पिंजरा चांगला मोठा, जाळीचा, सुताराकडून मापाने करून घेतलेला होता. मुलाने मेहनत घेतली होती यात शंका नाही. मात्र पिंजऱ्यावर ७५ वॅटचा दिवा सकाळी ७ ते संध्याकाळी ७ पर्यंत चालू होता, कारण व्हिडिओत बारा तास असे सांगितले होते. पिंजऱ्याला घड्याळासारखी तबकडी असलेला स्वस्तातला थर्मामीटर चिकटवला होता आणि तो ३० अंश दाखवत होता. मी माझा तार असलेला डिजिटल थर्मामीटर प्राणी बसलेल्या फांदीवर टेकवला, तेव्हा तो ४३ वर गेला. प्राणी फिकट, जवळजवळ पांढरट पिवळा पडला होता आणि तोंड किंचित उघडे ठेवून बसला होता. डोळ्यांचे शंकू, जे एरवी टपोरे असून सतत फिरत असतात, ते आत ओढले गेले होते. पिंजऱ्याच्या तळाशी त्याची विष्ठा होती आणि तिच्यातला जो भाग पांढरा असायला हवा, तो विटेच्या रंगाचा आणि खडूसारखा कोरडा झाला होता. हा माणसाळलेला प्राणी नव्हता. फुसकारण्याइतके त्राणच त्याच्यात उरले नव्हते.

आम्ही दिवा बंद केला, त्याला तळमजल्यावरच्या खोलीत नेले, पाणी दिले आणि संध्याकाळी पशुवैद्यकांकडे गेलो. चौथ्या दिवशी तो गेला. मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि हे नुकसान त्या एका दुपारचे नसून तीन आठवड्यांपासून साचत आलेले होते, असे पशुवैद्यकांनी सांगितले. तो मुलगा दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला होता आणि त्याला काय सांगावे हे मला सुचले नव्हते.

व्हेल्ड शॅमेलिऑनला ऊन खाण्याच्या जागी २९ ते ३२ अंश सेल्सिअस पुरेसे असते, बाकीचा पिंजरा त्याहून थंड हवा आणि रात्री तापमान आणखी उतरलेले त्याला मानवते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. अशा खोलीत उष्णतेच्या दिव्याचे कामच काय? माझ्या घरी होळीनंतर तो दिवा कपाटात जातो आणि दिवाळीनंतर, तोही फक्त सकाळचे दोन-तीन तास, बाहेर येतो. उजेडासाठी आणि अतिनील किरणांसाठी वेगळी ट्यूब असतेच, ती बंद करायची नसते. दिवा लावायचा की नाही हे कॅलेंडर पाहून ठरवू नये. दुपारी अडीच वाजता, म्हणजे घर सर्वांत तापलेले असताना, फांदीवरचे तापमान मोजून ठरवावे. मी ते आकडे पिंजऱ्याशेजारी टांगलेल्या वहीत लिहिते. ज्यांना हे कंटाळवाणे वाटते त्यांनी शॅमेलिऑन आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कूलरचेही असेच. खोली थंड करण्यासाठी कूलर लागतोच, परंतु त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर आला की प्राणी एका बाजूने सतत गारठतो, पाने दिवसभर ओली राहतात आणि कोंदट हवेत छातीचा संसर्ग व्हायला वेळ लागत नाही. मान वर करून श्वास घेणे, तोंडाशी बुडबुडे येणे, श्वासाबरोबर टकटक असा आवाज येणे, ही त्याची लक्षणे आहेत. मी कूलर शेजारच्या खोलीत लावते आणि मधले दार अर्धे उघडे ठेवते. टाकीतले पाणी दोन दिवसांनी बदलते, खसच्या ताट्या हंगामाच्या सुरुवातीलाच नव्या बसवते.

वाटीतले पाणी आणि दोन फवारे

शॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा पीत नाही. साचलेले पाणी त्याला पाणी म्हणून ओळखूच येत नाही. पानावरून ओघळणारा, चमकणारा थेंब त्याला दिसतो आणि तो तेच चाटतो. त्यामुळे वाटी भरलेली पाहून मालक निश्चिंत राहतो आणि प्राणी तहानलेला राहतो. दुसरा प्रकार म्हणजे कॉलेजला निघता निघता बाटलीने दोन फवारे मारून जाणारे. पाणी पडू लागल्यावर हा प्राणी आधी डोळे फिरवून स्वच्छ करतो, मग थोडा वेळ तसाच बसतो आणि कित्येकदा तीन-चार मिनिटांनंतर पहिला थेंब जिभेवर घेतो. तोवर तुमचे दोन फवारे नागपूरच्या हवेत वाळून गेलेले असतात. मे महिन्यात वाळत घातलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो, तिथे पानावरच्या थेंबाची काय कथा!

माझी सवय अशी आहे. सकाळी दिवे लागण्यापूर्वी आणि संध्याकाळी ते मालवण्यापूर्वी किमान चार मिनिटे बारीक फवारा, आणि दुपारी ठिबक. ठिबकसाठी मी औषधाच्या दुकानातून सलाईनचा नवा सेट आणते, तो एका लिटरच्या बाटलीला जोडून पिंजऱ्याच्या वर टांगते आणि त्याचे चाक फिरवून दोन सेकंदाला एक थेंब जास्वंदीच्या पानावर पडेल असे लावते. खाली ताट ठेवते आणि ते रोज रिकामे करते. सेट दर महिन्याला बदलते. पाणी पुरेसे मिळते की नाही हे विष्ठेवरून कळते : तिच्यातला पांढरा भाग पांढराच राहिला पाहिजे. त्याच्या टोकाला जरा पिवळसरपणा आला तर चालतो, पण नारिंगी छटा दिसली की त्याच दिवसापासून पाणी वाढवावे.

खिडकीतले ऊन

ही चूक माझी स्वतःची आहे. माझा पहिला शॅमेलिऑन मी माशांच्या काचेच्या टाकीत, पूर्वेच्या खिडकीशी ठेवला होता. विकणाऱ्याने सांगितले होते की खिडकीतून ऊन येते, मग वेगळी ट्यूब कशाला. सकाळचे दोन तास ते कोवळे ऊन त्याच्या पाठीवर पडायचे आणि मी समाधानाने पाहत बसायचे. खिडकीची साधी काच अतिनील ब किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते, हे मला माहीत नव्हते. त्या किरणांवाचून त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसले की खाल्लेले कॅल्शियम शरीरात शोषले जात नाही, आणि मग शरीर हाडांतलेच कॅल्शियम काढून वापरू लागते.

पाचव्या महिन्यात त्याचा जिभेचा नेम चुकू लागला. नंतर उजव्या पुढच्या पायाची फांदीवरची पकड सुटू लागली. एके दिवशी त्याला हातावर घेतले, तेव्हा कोपरापासूनचा भाग धनुष्यासारखा वाकलेला दिसला. खालचा जबडा बोटाला रबरासारखा मऊ लागला. उपचारांनी रोग थांबला, तो आणखी तीन वर्षे जगलाही, पण वाकलेली हाडे सरळ झाली नाहीत आणि पिंजऱ्याच्या सर्वांत वरच्या फांदीवर तो पुन्हा कधी चढला नाही. त्या फांदीखाली मी एक आडवी जाळी बांधली होती, तो पडला तर लागू नये म्हणून.

आता माझ्याकडे अतिनील किरणांची लांब, बारीक नळीची टी५ ट्यूब आहे. गुंडाळी असलेल्या छोट्या बल्बवर मी विश्वास ठेवत नाही. ट्यूब आणि प्राण्याची पाठ यांत साधारण २० ते २५ सेंटिमीटर अंतर असते आणि मध्ये काच किंवा प्लास्टिक नसते. ट्यूबचा उजेड दिसत राहतो, पण तिचे अतिनील किरण काळाबरोबर कमी होत जातात, म्हणून बसवल्याची तारीख मी तिच्या टोकावर मार्करने लिहिते आणि वर्ष झाले की ती बदलते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळचे खरे ऊन मिळाले तर उत्तमच, मात्र पिंजरा जाळीचा हवा, अर्धा भाग सावलीत हवा, आणि कावळे, शिक्रा व मांजरे यांच्यामुळे माणूस शेजारी बसलेला हवा.

कॅल्शियमची ड३ नसलेली साधी भुकटी प्रत्येक खाण्यावर अगदी पातळ भुरभुरावी. ड३ आणि जीवनसत्त्वे असलेली महिन्यातून दोनदाच. घरातल्या मोठ्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून देणारे मी पाहिले आहेत. त्या गोळ्यांत बहुधा ड३ असतेच आणि ते रोज गेले तर साचून अपाय करते. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी ही जोखीम घेणे मला अजिबात पटत नाही.

आणखी काही, थोडक्यात

शेतातले, बागेतले किंवा दिव्याखाली जमलेले किडे देऊ नयेत. कपाशी, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागांवर काय फवारले आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही. काजवे तर मुळीच नकोत. पाळलेली झुरळे किंवा रातकिडे द्यावेत, आणि त्यांना आदल्या दिवशी शेवग्याची पाने, गाजर आणि संत्र्याची फोड खाऊ घालावी, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच शेवटी तुमच्या प्राण्याला मिळते. पालक टाळावा. किडा प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा.

पिंजऱ्यात जास्वंद किंवा मनी प्लांट चालतो, कण्हेर कधीही नाही. व्हेल्ड पाने खातो आणि कण्हेर विषारी आहे.

दोन शॅमेलिऑन एका पिंजऱ्यात ठेवू नयेत. भांडताना दिसले नाहीत तरी एकमेकांच्या नुसत्या दिसण्याने दोघेही खंगतात.

रात्री लाल बल्ब लावू नये. त्याला काळोख हवा. डिसेंबरमध्ये पारा दहाच्या आसपास उतरला तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावावा.

रंगीत कपड्यांवर ठेवून व्हिडिओ काढणे थांबवावे. तो मागच्या रंगाशी जुळण्यासाठी रंग बदलत नाही. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिले की त्वचेतील पेशींमधल्या ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांचे अंतर बदलते, त्यामुळे परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि रंग बदललेला दिसतो. यामागे तापमान, भीती, प्रतिस्पर्धी किंवा मादीची चाहूल अशी कारणे असतात. लाल ओढणीवर काळवंडलेला प्राणी घाबरलेला असतो, हे व्हिडिओ पाहणाऱ्याला कळत नाही, पण मालकाला कळायला हवे.

मादी असेल तर नर नसतानाही ती अंडी घालू शकते. तळाशी उकरू लागली की वाट पाहू नये. सुमारे ३० सेंटिमीटर खोल, मुठीत दाबल्यावर आकार धरील इतक्या ओलसर वाळूची बादली ठेवावी, पिंजऱ्यावर चादर टाकावी आणि तिला एकटी सोडावी. जागा मिळाली नाही तर अंडी अडकून ती दगावते.

हातात घेण्याविषयी मला सर्वाधिक विचारले जाते. आठवड्यातून एकदा, पिंजरा साफ करताना, तेही तो स्वतः हातावर चढला तरच, हा माझा नियम आहे.

दिवसा डोळे मिटलेले दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जावे. हा प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतो आणि डोळे मिटतो तेव्हा लपवण्याची ताकद संपलेली असते. उन्हाळ्यात निघायचे तर सकाळी आठच्या आत निघावे. पुठ्ठ्याच्या खोक्याला हवेसाठी भोके पाडून त्यात एक फांदी आडवी घट्ट बसवावी आणि खोके गाडीच्या डिकीत न ठेवता मांडीवर घ्यावे. सोबत ताजी विष्ठा डबीत, पिंजऱ्याचे व दिव्यांचे फोटो मोबाइलमध्ये, आणि तापमानाची ती वही घ्यावी. पशुवैद्यक पहिला प्रश्न त्याच आकड्यांविषयी विचारतात.