व्हॅक्यूम लिफ्टरने पत्रा उचलताना या चुका टाळा

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. व्हॅक्यूम लिफ्टरने, म्हणजे रबरी कपांतली हवा खेचून पत्रा उचलणाऱ्या यंत्राने, वरचा पत्रा उचलला आणि त्याच्या पोटाला चिकटून खालचाही वर आला. मध्ये तेलाचा पातळ थर, बाकी काही नाही. व्हॅक्यूम गेजचा काटा हिरव्यात, अलार्म गप्प. लेझरच्या टेबलाकडे नेताना तेलाने साथ सोडली आणि खालचा पत्रा धाडकन ट्रॉलीवर आला. हेल्पर दोन पावलं मागे होता, एवढंच नशीब.

लिफ्टरची यात काही चूक नव्हती. कपाला फक्त वरचा पत्रा दिसतो. तेव्हापासून आमचा नियम झाला: आधी चार बोटं उचलायचं, थांबायचं, बाजूने वाकून कड बघायची. दोन कडा दिसल्या की परत खाली, आणि पत्रे सुटे केल्याशिवाय पुढे जायचं नाही. या थांबण्यात दुसराही फायदा आहे. कप कुठे फुसफुसत असेल तर तो इथेच, जमिनीपासून चार बोटांवर कळतो.

वजन ‘अंदाजे’ धरणं

आठ बाय चारचा १० मिमीचा लोखंडी पत्रा साधारण २३४ किलो भरतो. हिशेब सोपा आहे: चौरस मीटर गुणिले मिमी गुणिले ७.८५. आता कपाची बाजू बघू. कप पत्रा ‘पकडत’ नाही, बाहेरची हवा पत्र्याला कपावर दाबून धरते. काट्यावर पाऱ्याचे ४५० मिमी असतील तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.६ किलो. २०० मिमीच्या एका कपाला १९० किलोच्या आसपास, चार कपांना ७६०. त्यातलं निम्मंच आपलं समजायचं, म्हणजे ३८०. पत्रा आडवा असेल तर काम आरामात होतं.

तोच पत्रा उभा केला की गणित फिरतं. आता वजन घर्षणावर लटकतं. कोरड्या पत्र्यावरही निम्मा जोर धरला तर ३८० चे १९० होतात, आणि पत्रा आहे २३४ चा. तेलकट असेल तर विचारूच नका. म्हणून लिफ्टरच्या पाटीवर आडव्या आणि उभ्या लोडचे आकडे वेगळे दिलेले असतात. ‘इतकी वर्षं उचलतोय’ म्हणणारे मोठाच आकडा वाचतात.

पातळ पत्र्याची तऱ्हा उलटी. वजन नगण्य, पण कडा खाली झुकतात आणि कपाची ओठासारखी कड सोलल्यासारखी सुटत जाते. तिथे जोर वाढवून उपयोग नाही, कप पसरून लावावे लागतात.

पत्र्याकडे न बघणं

स्टेनलेसवर प्लॅस्टिकची फिल्म असते. कपाने फिल्म घट्ट धरलेली असते आणि फिल्मने पत्रा सोडलेला असतो. फिल्मचा कोपरा सुटलेला दिसला तर तिथे कप लावू नका. भोकावर किंवा कापलेल्या खाचेवर कप आला आणि त्या कपाची वेगळी कॉक (हवा बंद करायची तोटी) बंद केलेली नसेल, तर तो एकटा सगळ्यांची हवा घालवतो. धूळ, तेल, वेल्डिंगचे बारीक मणी यांच्यासाठी कोरडी चिंधी पुरते. कप पुसायला थिनर वापरणारे महाभाग आमच्याकडेही होते. रबर महिन्याभरात चिरलं.

काटा खाली का येतोय?

उचलण्याआधी गुळगुळीत, जाड पत्र्यावर कप लावा, पूर्ण व्हॅक्यूम होऊ द्या आणि पत्रा न उचलता पंप बंद करा. पाच मिनिटं काट्याकडे बघा. भराभर उतरला तर गळती आहे. मग एकेक कपाची कॉक बंद करत चला. ज्या कपाची बंद केल्यावर काटा थांबतो, गुन्हेगार तिथे. बहुतेक वेळा कपाची कड चिरलेली किंवा कडक झालेली असते, नाहीतर गळती नळीच्या (होजच्या) क्लिपजवळ असते. कोणतीही कॉक बंद करून फरक पडला नाही तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) उघडून बघा, त्यात कचरा अडकलेला सापडतो.

काटा ठीक, पण कप धरायला वेळ लावतोय? फिल्टर चोंदलाय. गेज पंपाच्या बाजूला असेल तर तो पंपाचं कौतुक सांगतो, कपात काय चाललंय ते नाही.

पंप नसून इजेक्टर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेच्या झोतावर व्हॅक्यूम करणारा भाग, असेल तर एअर लाइन बघा. शेजारी कुणी एअर गन मारत असेल तर दाब पडतो आणि त्यासोबत व्हॅक्यूमही. लिफ्टरला लाइन वेगळीच हवी.

आणखी एक, खास घाटावरच्यांसाठी. पुण्यात काटा ७६० मिमीवर जात नाही म्हणून नवा पंप मागवू नका. इथली हवाच जेमतेम ७१० ची आहे. काटा ४५० दाखवत असेल तर कपाचा जोर मुंबईत आणि इथे सारखाच.

अलार्म वाजला तर

पंप बंद करायचा नाही. माणसं बाजूला, आणि लोड जवळच्या मोकळ्या जागी सावकाश खाली. वीज गेली तरी चांगल्या लिफ्टरची टाकी काही मिनिटं लोड धरून ठेवते. तो वेळ माणसं हटवायला आहे, फ्यूज शोधायला नाही. आणि पत्रा सुटलाच, तर हात पुढे करायचा नाही. घसरणारा पत्रा धरायला हात आपोआप जातो. आमच्या हेल्परचाही गेला होता, फक्त दोन पावलं लांबून.